लेखक कधी गेला?

भगूरचे वि. दा. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी गेले. आपला कॉपीराइट कायदा लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतो. म्हणजे हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन १ जानेवारी २०२७ पासून कुणालाही छापता येईल. (मरणोत्तर पुस्तकांचा हिशेब वेगळा, प्रकाशनापासूनचा.) कुसुमाग्रजांसाठी मात्र २०६० उजाडावं लागेल.

नामवंतांच्या तारखा सापडतातच. अडतं ते एकदोन पुस्तकं लिहून विस्मृतीत गेलेल्या मास्तर, कीर्तनकार, वैद्यांपाशी. पुस्तक जुन्या वाचनालयाच्या कपाटात असतं. लेखक कधी गेला हे ठाऊक नसल्यानं पुनर्मुद्रणाला कुणी धजत नाही.

तुमच्या घरातलं कुणी लिहितं माणूस १९६६-६७च्या सुमारास गेलं असेल, तर पूर्ण नाव आणि मृत्यूचं वर्ष आम्हांला जरूर कळवा.