पाऊस निवळला, माती नाही

आम्लपर्जन्य हा 1980च्या दशकातला बागुलबुवा होता, असं म्हणायची आता पद्धत पडली आहे. मांडणी साधारण अशी : पाऊस मुळातच थोडा आंबट असतो, जंगलं मरणार अशी ओरड झाली, ती काही मेली नाहीत, आणि जे बिघडलं होतं ते कायद्याने दुरुस्त झालं. यातलं एक आधीच कबूल करतो. जर्मनीतली अरण्यं शतकाअखेर संपतील, हे भाकीत खोटं ठरलं. भाकीत करणाऱ्यांनी घाई केली. पण त्यावरून रोगच नव्हता असं ठरवणं ही दुसरी घाई.

स्वच्छ पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि त्याचा सामू 5.6च्या आसपास येतो, हे खरंच आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ हबर्ड ब्रूक जंगलात जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि सहकाऱ्यांनी 1963 साली पाऊस तपासायला घेतला, तेव्हा पहिल्याच नमुन्याचा सामू 3.7 निघाला. माती परीक्षणाचा कागद वाचणाऱ्या शेतकऱ्याला सामू ठाऊक असतो. पण तो एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे सहसा ध्यानात राहत नाही. 5.6 आणि 3.7 यांत जवळपास ऐंशी पटींचं अंतर आहे. याला ‘थोडा आंबट’ म्हणायचं? बरं, त्या रानात कारखानाही नव्हता. गंधक आलं शेकडो मैलांवरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून. तिथल्या उंच चिमण्यांनी गावचा धूर परगावी धाडला, एवढंच.

राहिलं ‘जंगलं मेली नाहीत’. दुखणं मातीत असताना ते फांद्यांवर शोधून कसं सापडेल? आम्लाने मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन ओढ्यात नेलं, मुळांना बाधणारं ॲल्युमिनियम मोकळं केलं. रेड स्प्रूसच्या सुयांतलं कॅल्शियम घटलं, तशी त्या झाडाची थंडी सोसायची ताकद गेली. कडक हिवाळ्यानंतर सुया तांबड्या पडत. दोष जाई हिवाळ्याला.

अमेरिकेच्या हवाप्रदूषणविरोधी कायद्यात 1990 साली दुरुस्ती झाली, त्यानंतर हवेतलं गंधक उतरलं, पाऊस निवळत गेला. त्याचं श्रेय कायद्याला द्यायलाच हवं. पण ओढ्याचं पाणी त्या वेगाने सुधारत नाही, हे लायकन्स आणि सहकाऱ्यांनी 1996मध्ये दाखवून दिलं. खडक झिजून मातीत कॅल्शियम उतरायला फार काळ लागतो. चोर पकडला म्हणून चोरीचा माल घरी येत नाही.

हा नुसता तर्क आहे, असं कोणी म्हणेल. तर 1999 साली हबर्ड ब्रूकमधल्याच एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाचे दाणे टाकले. खत नाही, औषध नाही. गेलेलं कॅल्शियम तेवढं परत केलं. पुढच्या वर्षांत तिथले शुगर मेपल सावरले, त्यांची वाढ सुधारली. ज्या पाणलोटात काहीच टाकलं नव्हतं, तिथेही तोच निवळलेला पाऊस पडत होता. तिथले मेपल खंगतच राहिले.