उजवा म्हणजे कोणता?

‘उजवा’ या शब्दाचा अर्थ सांगा बरं! हसू नका. कागद-पेन घ्या आणि एका वाक्यात लिहून बघा. ‘ज्या हाताने आपण जेवतो तो’ असं लिहिलंत, तर डावखुऱ्यांनी काय करायचं? ‘हृदय असतं त्याच्या विरुद्ध बाजू’ म्हणालात, तर क्वचित कुणाचं हृदय उजवीकडेही असतं, त्याचं काय? मी हा प्रश्न आमच्या बाबांना विचारला, तेव्हा ते दहा मिनिटं गप्प बसले होते. चहा निवला. मग म्हणाले, ‘उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं असता पूर्वेला येणारी बाजू.’

आश्चर्य म्हणजे नेमकं हेच उत्तर एका जपानी कार्टूनमधल्या माणसानेही दिलं होतं!

‘कार्टून’ म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी आली असेल. घरात नातवंडं ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ लावून बसतात, त्यातलंच काहीतरी ही बाई आता आपल्या गळ्यात मारणार, असं वाटलं असेल. तसं नाही, मंडळी. जपानी लोक चित्रांच्या माध्यमातून सगळ्या वयांसाठी गोष्टी सांगतात. त्यांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या ज्या मोगलीसाठी आपण रविवारी आंघोळी लांबवल्या, तोही जपानचाच होता. त्यामुळे ओळख जुनीच आहे. फक्त या माध्यमात मोठ्या माणसांच्या नोकरीच्या, कष्टाच्या, कंटाळ्याच्या आणि आवडीच्या गोष्टीही असतात, हे आपल्यापर्यंत फारसं पोहोचलेलं नाही. आजच्या लेखात त्यांचीच शिफारस करायची आहे.

त्याचं असं झालं. गेल्या पावसाळ्यात मी नोकरी सोडायच्या विचारात होते. भांडण वगैरे काही नव्हतं. पंधरा वर्षं लिहून झाली, आता त्यात मन लागत नाही, एवढंच कारण. ‘आवड असेल तेच करावं’ हे वाक्य हल्ली जो तो ऐकवतो. मग आवड संपली असेल तर? त्याच दिवसांत बाबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. त्यांना महिनाभर घराबाहेर पडता येत नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चांचा आरडाओरडा त्यांना सोसवत नाही. म्हणून एका संध्याकाळी मी ‘फुने ओ आमु’ लावलं.

२०१६ सालची ही मालिका अवघ्या अकरा भागांची आहे. शिऑन मिउरा या लेखिकेच्या २०११ सालच्या कादंबरीवर ती बेतली आहे. कादंबरीला पुढच्याच वर्षी जपानमधल्या पुस्तक विक्रेत्यांचा पुरस्कार मिळाला. इंग्रजीत तिचं नाव ‘द ग्रेट पॅसेज’ आहे. जपानी नावाचा अर्थ मात्र ‘नाव विणणे’ असा काहीसा होतो. नाव म्हणजे होडी. शब्दांचा समुद्र पार करायला माणसाला होडी लागते आणि शब्दकोश ही ती होडी, अशी कल्पना. ‘आमु’ या क्रियापदाचा अर्थ विणणे असा आहे आणि संपादन करणे असाही.

गोष्ट इतकीच, की एक प्रकाशन संस्था शब्दकोश तयार करते! खून नाही, मारामारी नाही, सासू-सून नाही. कोश विभागातले अराकी नावाचे ज्येष्ठ संपादक निवृत्त होत आहेत आणि आपल्या जागी कुणीतरी हवं म्हणून शोध घेत आहेत. त्याच संस्थेच्या विक्री विभागात माजिमे नावाचा एक तरुण आहे. केस विस्कटलेले, बोलताना अडखळणारा. दुकानदारांना पुस्तकं विकणं त्याला मुळीच जमत नाही. अराकी त्याला ‘उजवा’चा अर्थ विचारतात. तो तिथल्या तिथे एकेक उत्तर तपासतो, खोडतो आणि शेवटी उत्तर-पूर्वेवर येतो. माणूस सापडला!

पुढची सगळी मालिका म्हणजे काम. शब्दांची कार्डं लिहायची, ती लावायची, अर्थ घासूनपुसून घ्यायचे. मात्सुमोतो नावाचे वयोवृद्ध प्राध्यापक कुठेही बसले, तरी कानावर पडलेला नवा शब्द खिशातल्या कार्डावर टिपून घेतात. कागद कसा असावा, यावर तर वाद झडतात. पान उलटताना ते बोटाला किंचित चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे, पण दोन पानं एकदम उलटता कामा नयेत! माजिमे प्रेमातही पडतो. मुलगी स्वयंपाकाचं शिक्षण घेणारी, हाताने कष्ट करणारी. हा पठ्ठ्या तिला इतक्या जड भाषेत पत्र लिहितो, की ते प्रेमपत्र आहे की नाही तेच तिला कळत नाही.

मालिकेत निशिओका नावाचं एक पात्र आहे, ते मला सगळ्यात जवळचं वाटलं. हा बोलका, हसरा, माणसं जोडणारा. पण शब्दांचं वेड त्याला नाही. माजिमेला बघून त्याला कळतं, की अशी आवड आपल्यात कधीच नव्हती. त्याची दुसऱ्या खात्यात बदली होते. जाण्याआधी तो मागे येणाऱ्यासाठी टिपणं लिहून ठेवतो. कुठल्या लेखकाशी कसं बोलायचं, कुणाला कसं सांभाळायचं, सगळं त्यात आहे. मालिका मग एकदम तेरा वर्षं पुढे जाते. कोश अजून पुरा झालेला नाही आणि ती टिपणं एका नव्या मुलीच्या हाती लागतात. कोशाला वेड्या माजिमेची जेवढी गरज होती, तेवढीच वेड नसलेल्या निशिओकाचीही होती. हे बघताना मी जरा सावरून बसले.

आता बाबांविषयी. ते एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिळे जुळवण्याच्या जमान्यात लागले, कॉम्प्युटर आल्यावर निवृत्त झाले. आम्हा भावंडांना त्यांच्या नोकरीबद्दल एवढंच माहीत होतं, की ते दुसऱ्यांच्या चुका काढतात. शाळेत वडिलांचा व्यवसाय सांगताना मी ‘प्रेसमध्ये’ म्हणून वेळ मारून नेत असे. तेही कधी बोलले नाहीत. घरी दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड होते. त्यांना हात लावायचा नाही, एवढी ताकीद मात्र होती.

मालिका जपानी भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. त्यांना ती भराभर वाचता येईनात. म्हणून मी मराठीत मोठ्याने सांगत गेले. ते म्हणाले, ‘आमच्याकडे असंच असायचं. एक जण मूळ प्रत वाचायचा, दुसऱ्याने प्रूफ बघायचं.’ छापखान्यातलं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मालिकेच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. कोश छपाईच्या उंबरठ्यावर आहे, चौथी प्रुफं तपासून होत आली आहेत आणि लक्षात येतं, की एक शब्द गळला आहे. एकच शब्द! पण एक गळला म्हणजे आणखीही गळले असतील. माजिमे सगळं काम थांबवतो आणि सगळे शब्द पुन्हा पहिल्यापासून पडताळायचे ठरवतो. मदतीला आलेले विद्यार्थीही कार्यालयातच मुक्काम ठोकतात.

बाबा म्हणाले, ‘जरा थांबव.’

मला वाटलं, गुडघा दुखतोय. पण त्यांना काही सांगायचं होतं. कुठल्याशा गावातले एक शिक्षक वारले होते. विद्यार्थ्यांनी त्यांची स्मरणिका छापून घेतली. त्यात त्यांच्या पत्नीचं नाव चुकलं. ‘सुमती’चं ‘सुमित’ झालं. प्रूफ बाबांच्या नजरेखालून गेलेलं होतं. अंक वाटून झाल्यावर ते कळलं. कुणी तक्रार केली नव्हती. तरी रविवारी बाबा सायकलवरून त्या बाईंच्या घरी गेले आणि हात जोडून चूक सांगितली. बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, ‘अहो, एवढ्यासाठी कशाला आलात?’

‘त्यानंतर नाव आलं की मी उलटीकडून वाचायचो,’ बाबा म्हणाले. ‘शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. नोकरी सुटेस्तोवर.’

हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. आईला माहीत होतं का, कोण जाणे. मी विचारलं, ‘बाबा, तुम्हाला हे काम आवडायचं?’ त्यावर ते म्हणाले, ‘सुरुवातीला नाही. पोटासाठी लागलो होतो. मग केव्हातरी आवडायला लागलं. तारीख नाही सांगता यायची.’

मला वाटतं, या साऱ्या संथ मालिकांचं सांगणं हेच आहे. आवड आधी आणि काम मागाहून, असा क्रम दर वेळी नसतो. पुष्कळदा माणूस काम करत राहतो आणि आवड मागून, पावलांचा आवाज न करता येते. ते दाखवायचं, तर गोष्टीलाही सावकाशच चालावं लागतं. तेरा वर्षांचं काम धावत सांगितलं, तर त्यातलं काम दिसणारच नाही.

तुम्हाला ही वाट धरावीशी वाटली, तर आणखी चार नावं सांगून ठेवते.

‘शिरोबाको’ (२०१४-१५, चोवीस भाग). शाळेत कार्टून बनवणाऱ्या पाच मैत्रिणी पुढे त्याच धंद्यात शिरतात. एकीला लहानशी भूमिकाही मिळत नाही, एकीची चित्रं नापास होतात. नायिका मियामोरी तर स्वतः काहीच काढत नाही. ती याच्याकडून चित्रं घेते, त्याच्याकडे पोहोचवते, तारखा सांभाळते. यातले सुगिए नावाचे म्हातारे चित्रकार विसरू नका. नव्या फॅशनचे चेहरे त्यांना जमत नाहीत म्हणून कोपऱ्यात पडलेले असतात. मग धावते घोडे हवे असतात आणि ते दुसऱ्या कुणालाच येत नाहीत! सुरुवातीला पात्रांची गर्दी गोंधळात टाकते. चार भाग धीर धरा.

‘बाराकामोन’ (२०१४, बारा भाग). तरुण सुलेखनकाराची अक्षरं पुस्तकी आहेत, असं एक वृद्ध जाणकार म्हणतात. हा त्यांना ठोसा मारतो! शिक्षा म्हणून वडील त्याला दूरच्या गोतो बेटांवर पाठवतात. तिथली नारू नावाची चिमुरडी त्याला जे शिकवते, ते कुठल्या गुरुकुलात मिळालं नसतं. ही मात्र मुलांबरोबर बघायला हरकत नाही.

‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ (२०१६ आणि २०१७). राकुगो म्हणजे आसनावर बसून, एक पंखा आणि एक रुमाल एवढ्यावर एकट्याने गोष्ट रंगवण्याची जुनी कला. तुरुंगातून सुटलेला एक तरुण एका खडूस गुरूचा शिष्य होतो. कलेसाठी माणूस काय गमावतो, याची ही कथा अस्वस्थ करते. विषय मोठ्यांचा आहे, मुलं झोपल्यावर बघा.

आणि ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ (१९९५). घिबली स्टुडिओचा हा चित्रपट योशिफुमी कोंदो यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव. १९९८ मध्ये, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. चौदा वर्षांची मुलगी पहिली कादंबरी लिहून एका आजोबांना वाचायला देते. आजोबा खोटं कौतुक करत नाहीत आणि तिला खचूही देत नाहीत. घरात दहावीचं मूल असेल, तर त्याच्या शेजारी बसून पाहा. घिबलीचे चित्रपट नेटफ्लिक्सने २०२० साली भारतात आणले. बाकीच्या मालिका कुठे आहेत ते शोधावं लागेल. घरातल्या कॉलेजकुमाराला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल.

एक सावधगिरीही सांगायला हवी. ‘कामावर प्रेम करा’ हे वाक्य मालकाच्या तोंडी आलं, की जपून ऐकावं. आवडीच्या नावाखाली माणसाला पिळून घेणं जपानातही चालतं. तिथल्या नवख्या चित्रकारांना किती तुटपुंजे पैसे मिळतात, यावर तिकडे पुष्कळ बोललं गेलं आहे. आवड असली म्हणून पगार कमी असावा, असा नियम नाही. माजिमेलाही दर महिन्याला पगार मिळत होता!

बाबांचा गुडघा आता बरा आहे. ते त्यांच्या घरी परतले. मी नोकरी सोडलेली नाही, पण सोडणारच नाही असंही म्हणत नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा एक छापलेला लेख मागून घेतला आणि चष्मा लावून बसले. अर्ध्या तासाने परत दिला. समासात लाल पेनाने तीन खुणा होत्या.

तिन्ही बरोबर होत्या.