पाय आहेत, नकाशा द्या

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला असलेल्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० साली याच अंतरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. सावरपाडा त्र्यंबकेश्वर तालुक्यात येतो आणि या तालुक्याला लागूनच पालघर जिल्ह्यातला मोखाडा आहे. चढउतार तसेच, शाळेसाठी डोंगर तुडवणारी मुलंही तशीच. जव्हार-मोखाड्याच्या मुलांच्या पायांत दम आहे का, हा प्रश्न आता विचारायचं कारण उरलेलं नाही. या मुलांना ट्रॅकहूनही जवळचा वाटेल असा एक खेळ आहे, आणि आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत त्याला मानाची जागा मिळायला हवी. तो खेळ म्हणजे ओरिएंटिअरिंग.

यात रस्ता कुणी आखून देत नाही. धावणाऱ्याच्या हातात नकाशा आणि होकायंत्र असतं. नकाशावरचा जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट आणि मधली क्रमांक घातलेली वर्तुळं म्हणजे गाठायची ठिकाणं. प्रत्यक्ष जमिनीवर तिथे नारिंगी-पांढरं निशाण टांगलेलं असतं. ठिकाणांचा क्रम ठरलेला, पण एकाकडून दुसऱ्याकडे कसं जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. नॉर्वेत १८९७ साली याची पहिली खुली स्पर्धा झाली. तरुणांचं मैदानी खेळांवरचं मन उडत चाललेलं पाहून स्वीडनचे लष्करी अधिकारी अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत घेतली आणि खेळ तिथून पसरला. पहिली जागतिक स्पर्धा फिनलंडमध्ये १९६६ साली झाली.

खेळ कळला की पहिला मोह होतो तो सुसाट सुटण्याचा. साधा हिशेब करून पाहावा. किलोमीटरला सहा मिनिटं घेणाऱ्या मुलीने जीव तोडून साडेपाच मिनिटांवर वेग आणला, तर पाच किलोमीटरांत तिची अडीच मिनिटं वाचतात. तीच मुलगी घाईत शेजारच्या घळीत उतरली, चूक कळेपर्यंत शोधत राहिली आणि पुन्हा वर चढली, तर चार मिनिटं सहज जातात. शिवाय चूक एकटी येत नाही. धाप लागलेली असताना नकाशावरच्या बारीक रेषांवर नजर ठरत नाही, आणि माणूस समोरची जमीन नकाशात कशीबशी बसवू लागतो. ओढा डावीकडे दिसायला हवा होता, तो उजवीकडे दिसतो. तरी ‘हाच तो असेल’ म्हणत पाय पुढे पडत राहतात.

म्हणून मुरलेले खेळाडू संपूर्ण शर्यत एकाच वेगाने धावत नाहीत. बरेच प्रशिक्षक मुलांना सिग्नलच्या तीन रंगांत हे शिकवतात: हिरव्यात सुटायचं, पिवळ्यात नजर नकाशावर ठेवायची, लालमध्ये जवळजवळ चालायचं. जव्हारच्या पठारावर हे कसं दिसेल? सडकेला किंवा ओढ्याला धरून जायचं असेल तर चुकायची भीती नाही; तिथे पूर्ण वेगाने धावावं. ओढ्याला जिथे वहाळ येऊन मिळतो, ती जागा आधीच हेरून ठेवावी. तिथे पोचल्यावर वेग उतरवावा, होकायंत्राची दिशा धरावी, पावलं मोजावीत आणि उरलेलं अंतर काळजीने कापत टेपाडामागचं निशाण गाठावं. निशाण ओढ्यावरच्या मोरीजवळ असेल तर थेट मोरीचा नेम धरू नये. मुद्दाम थोडं उजवीकडे जावं. ओढा लागला की डावीकडे वळायचं, यात शंका राहत नाही. थेट नेम धरणारा ओढ्यावर पोचतो खरा, पण मोरी वरच्या अंगाला की खालच्या, हे न कळून तिथेच घुटमळतो.

चढणीचाही असाच विचार लागतो. धावपटूंचा ढोबळ नियम असा, की १०० मीटरची चढण म्हणजे सपाटीवरचं साधारण एक किलोमीटर. मध्ये दांड आडवा आला तर तो ओलांडायचा की वळसा घालायचा, हे निघण्याआधी काही सेकंदांत ठरवावं लागतं. दाट कारवी उभी असेल तर जवळची वाट हमखास महागात पडते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘सावकाश जा, चुकू नका’ एवढंच मुलांच्या मनावर ठसवलं, तर खेळाचा अर्धा भाग हातातून जातो. प्रत्येक झाडापाशी थांबून नकाशा तपासणारा चुकत नाही, पण जिंकतही नाही. फ्रान्सचा तिएरी जॉर्जिऊ २००३ साली स्वित्झर्लंडमध्ये मध्यम अंतराचा जगज्जेता झाला आणि पुढे त्याने हे विजेतेपद पुन्हा पुन्हा मिळवलं. पूर्ण वेग आणि शून्य चूक, हे त्याचं ब्रीद. त्याची धाव नुसती पाहिली तर तो कुठेच थांबत नाही असं वाटतं. धावता धावता पुढच्या टप्प्याचा नकाशा वाचून ठेवणं आणि शंभर खुणांतून कामाच्या दोन-तीनच निवडणं, ही त्याची कमाई आहे. ती सरावाने येते, आणि हा सराव दमलेल्या पायांनीच करावा लागतो.

खरी अडचण नकाशाची आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा परिचित नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. दहा-बारा मीटरचं टेपाड किंवा घळ त्यात हरवून जाते. ओरिएंटिअरिंगला १:१०,००० किंवा १:१५,००० चा नकाशा लागतो, रेषा साधारण पाच मीटरच्या अंतराने, आणि मोकळ्या माळापासून घुसता न येणाऱ्या झाडोऱ्यापर्यंत सगळं रंगांनी दाखवलेलं. असा नकाशा प्रत्यक्ष फिरूनच होतो. त्यासाठीची मोफत आज्ञावली आणि उपग्रहाची चित्रं मिळतात. लागतो तो जाणत्या माणसाचा वेळ. हा खर्च आदिवासी विकास विभागाच्या जव्हार प्रकल्प कार्यालयाने उचलावा. सिंथेटिक ट्रॅकच्या मानाने तो किरकोळ आहे.

मुलांना डोंगर पाठ असतो, मग नकाशा कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणूनच स्पर्धेच्या परिसरात खेळाडूंना आधी फिरकू देत नाहीत. ओळखीच्या मोहाच्या झाडावरून वाट काढणं ही मोठी विद्या आहे, पण ती त्या शिवारापुरती. तेव्हा जव्हारच्या मुलांनी सूर्यमाळकडे धावावं आणि मोखाड्याच्या मुलांनी जव्हारच्या पठारावर. दाभोसा धबधब्यासारखे कडे आणि उघड्या विहिरी आखणीतून वगळाव्यात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी. पहिल्या वर्षी घड्याळ लावूच नये. किती ठिकाणं बिनचूक गाठली, एवढंच मोजावं. दुसऱ्या वर्षापासून वेळ मोजावी आणि निकालाच्या फळ्यावर प्रत्येक टप्प्याची वेळ लिहावी, म्हणजे कुठे धाव कमी पडली आणि कुठे नजर, हे मुलांना स्वतःला दिसेल.

ज्या तालुक्यांची नावं कुपोषणाच्या बातम्यांत येत राहिली, जिथे मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, तिथे हा खेळ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मुलांना पोटभर जेवण आणि पाणी आधी मिळालंच पाहिजे. उपाशी मुलाला पळवणं हा अन्याय होईल. पण नकाशा वाचता येणं ही इथे चैन नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्या कुटुंबाला आपला प्लॉट कागदावर कुठे आहे, मोजणीची रेषा कुठून गेली, हे कळावं लागतं. धरण, रस्ता, वनक्षेत्र, सगळ्यांचे निर्णय नकाशावर होतात. घरातली नववीतली मुलगी तो कागद हातात घेऊन उत्तर दिशा लावू शकली, तर ग्रामसभेत त्या घराला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही.

वेळापत्रक मात्र इथल्या जगण्यावरून ठरवावं लागेल. भाताची कापणी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि लहान मुलंही त्यांच्यासोबत जातात. निवासी आश्रमशाळांतली मुलं मागे राहतात. त्यांच्यासाठी खाचरं मोकळी झाल्यावर, जानेवारीत शर्यत ठेवता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी जुलै ते सप्टेंबर हे महिने धरून शाळेच्या आवाराचा आणि पाड्याचा छोटा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यावा, पावसाची उघडीप मिळाली की त्यावर धावावं. जानेवारीची शर्यत खरंच व्हायची असेल, तर नकाशा करणाऱ्याने पाऊस ओसरताच, ऑक्टोबरातच जव्हारच्या पठारावर उतरायला हवं.