इरकल घेताना पदर नीट बघा

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या आपल्या आज्यांनी आयुष्यभर इरकली लुगडी नेसली. पण हे लुगडं ज्या गावाच्या नावानं ओळखलं जातं, ते इळकल कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, हे कितीजणींना ठाऊक असतं? आणि त्यावरच्या चोळीचा खण? तोही त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा!

इरकलीची खरी ओळख तिच्या पदरात आहे. साडीचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी, लालभडक, त्यावर पांढरी नक्षी. आपण त्याला टोपपदर म्हणतो. या नक्षीत कंगव्याचे दाते असतात, ज्वारीची कणसं असतात, किल्ल्याचा तटही असतो. गंमत म्हणजे अंगाचा आणि पदराचा ताणा वेगवेगळा. विणकर एकेक धागा दुसऱ्यात अडकवून ते जोडतो. याला तिकडे 'कोंडी' म्हणतात. त्यामुळे असा ताणा प्रत्येक साडीसाठी नव्यानं तयार करावा लागतो. धारवाडकडच्या बायका याच साडीवर धागे मोजून, गाठ न मारता कशिदा काढतात. त्याचं नाव कसुती.

एवढा खटाटोप यंत्रमागाला परवडत नाही. तिथे एकाच ताण्यावर भराभर साड्या निघतात आणि त्याही 'इरकल' म्हणूनच विकल्या जातात. स्वस्त साडी घेण्यात काही वाईट नाही. प्रत्येकीची ऐपत सारखी नसते. पण यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारली, तर फसवणूक दोघींची होते. एक आपली आणि दुसरी त्या विणकर घरातल्या बाईची. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या विणकरांमध्ये 70 टक्क्यांहून जास्त बायका आढळल्या. कित्येक घरांत कांड्या भरणं, सूत उकलणं ही कामं स्वयंपाकपाणी सांभाळून बायकाच करतात आणि त्याची वेगळी मजुरी कुणी धरत नाही. घरचं काम ते, त्याचे पैसे कसले? हे वाक्य आपल्याला काही नवीन नाही!

म्हणून मैत्रिणींनो, दुकानात नुसता रंग बघून भुलू नका. अंग आणि पदर जिथे मिळतात, ती जागा उलटसुलट करून बघा. अंगाच्या उभ्या धाग्याचा रंग पदरातही उतरलेला दिसला, तर तो जोड नव्हे. 2006 पासून हातमागाच्या कापडासाठी 'हँडलूम मार्क' हे चिन्ह आहे, तेही मागा. भिशीच्या किंवा बचत गटाच्या मैत्रिणी मिळून साड्या घेणार असाल, तर विणकरांच्या सहकारी संस्थेकडे चौकशी करा.

भाजीच्या जुडीसाठी आपण चार प्रश्न विचारतो. मग हजारो रुपयांच्या साडीसाठी एक तरी विचारायला नको का? "ही हातमागाची आहे का?" एवढंच विचारा. दहाजणींनी विचारलं की अकराव्या वेळी दुकानदार खरं काय ते आपणहून सांगेल.