कोणती तार चढवावी?

नायगावच्या बाजारपेठेत रात्री दुकानांची शटर खाली आली, की एखाद्या घराच्या माडीवरून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा स्वर ऐकू येतो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसलेली मुलगी रियाज करीत असते. त्या यंत्रावर पहिल्या तारेसाठी प, म किंवा नी यांतून निवड करावी लागते. यमनला पंचम चालतो. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तार मध्यमात लावतात. मारव्यातही पंचम नाही, तेथे बहुधा निषाद घेतात. प्रश्न एका तारेचाच असतो. परंतु तिची निवड चुकली, तर पुढील सर्व परिश्रम चुकीच्या पायावर उभे राहतात.

हाच प्रश्न पेडल स्टील गिटार या अमेरिकन वाद्यात अधिक विस्ताराने भेटतो. तारांवर पोलादी दांडी सरकवून वाजविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत रुजली. तिचे श्रेय जोसेफ केकुकु यांना दिले जाते. तीच हवाईयन गिटार पुढे आपल्याकडे हिंदी चित्रपटगीतांमुळे घरोघर ओळखीची झाली. तिला एक मर्यादा होती. सरळ दांडी सर्व तारांवर एकदम सरकते. त्यामुळे तारांमधील परस्पर अंतर बदलत नाही. यावर उपाय म्हणून पायाखाली पेडल आले. पेडल दाबले की ठरावीक तार ठरावीक मापाने चढते, सोडले की मूळ जागी येते. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले. बाकीचे स्वर स्थिर असताना एक स्वर वर चढत जाण्याचा तो परिणाम श्रोत्यांना मोहवून गेला.

आपल्या सरगमात ही रचना सहज उमगते. या वाद्याच्या 'ई नाइन' या प्रचलित जुळणीत दहा तारा असतात आणि त्यांचा गाभा सा, ग, प हा असतो. पहिले पेडल पंचमाला धैवतावर नेते, दुसरे गंधाराला शुद्ध मध्यमावर. दोन्ही एकत्र दाबली की सा-ग-पचे सा-म-ध होते. षड्ज मात्र जागचा हलत नाही. केवळ पहिले दाबल्यास सा-ग-ध असा करुण छटेचा मेळ मिळतो. दोन पेडलांतून तीन निराळे मेळ हाती येतात, म्हणूनच ही जोडी बहुतेक वादकांनी कायम ठेवली. गुडघ्याने सरकवायच्या कळाही असतात. तथापि पाय दोन आणि गुडघेही दोनच. म्हणून प्रत्येक नव्या बदलाला, तो किती मेळांत उपयोगी पडेल, या कसोटीवर उतरावे लागते. चढविण्याचा भार तारेवर पडतो. गंधाराची बारीक तार वारंवार तुटते ती यामुळेच. शिवाय एक तार ताणली की वाद्याचा सांगाडा किंचित वाकतो आणि इतर तारा थोड्या उतरतात.

मग आपल्या कलावंतांनी पेडल का घेतली नाहीत? उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारीवर राग मांडला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये तिचा स्वर आहे. रागात षड्ज अचल असतो आणि स्वरांमधील प्रवास मींडेने होतो. मींड तर दांडीतूनच मिळते. त्यामुळे पेडलांऐवजी चिकारीच्या तारा जोडल्या गेल्या. १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळविणाऱ्या विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तरफाही आहेत.

घरातील मुलासाठी वाद्य घेताना आपण दुकानदाराला प्रथम विचारतो, "यात काय काय आहे?" वस्तुतः आधी गुरुजींना विचारावे, की मुलाला वाजवायचे काय आहे. चित्रपटगीतांना सहा तारांची साधी हवाईयन गिटार पुरते; रागाला चिकारी हवी; पेडलांचा खर्च पाश्चात्त्य मेळांसाठीच सार्थ.

माडीवरील त्या मुलीने मारवा गाताना तंबोरा पंचमावरच राहिला असेल, तर वर्ज्य स्वर तिच्या कानात अखंड वाजत राहील. तिचा सूर डळमळेल आणि घरची माणसे म्हणतील, "हिला गळा नाही." तसा निर्णय देण्यापूर्वी एकदा माडीवर जाऊन तंबोऱ्याची पहिली तार कोणत्या स्वरात लागली आहे, ते पाहावे.