सौर पॅनल पुसणाऱ्याचा दर कोण ठरवणार?



सप्तापुरातील आपल्या गल्ल्यांतून सकाळी फिरायला निघाले की आता कौलांच्या जोडीला निळ्याकाळ्या काचाही चमकताना दिसतात. पाणी तापवणारे सौर बंब आपल्याकडे जुनेच आहेत. वीज करणारी पॅनल मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना आली. दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. राज्याच्या २०२३ च्या गृहज्योती योजनेमुळे २०० युनिटच्या आतल्या घरांना याची फारशी ओढ नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या माडीवर क्लासला आलेल्या मुलांच्या खोल्या आहेत, पंपही चालतात, आणि मीटर २०० च्या पुढे सहज पळतो. त्यामुळे पॅनल बसवणाऱ्यांत आपली घरे बरीच आहेत.

अनुदान किती, कर्ज किती, हेस्कॉमचा मीटर कधी बसणार, ही चर्चा आपण सर्वांनी भरपूर केली. मात्र ही काच पुसायची कोणी आणि त्या माणसाला द्यायचे काय, ही चर्चा एकाही घरात झालेली मी ऐकली नाही. माझ्या घरातही झाली नव्हती, आणि त्याचा परिणाम सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

आमच्याकडे दसऱ्याच्या आधी खिडक्या पुसायला एक माणूस येतो. मागल्या दाराने येतो, आमच्या आईच्या वेळेपासूनचा ओळखीचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याला मुद्दाम बोलावले. खिडक्या झाल्यावर म्हटले, वरची सहा पॅनल पण पुसून टाक, शंभर रुपये जास्त देतो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, काच ती काचच हाय की. पर खिडकी पुसताना पाय भुईवर असत्यात बघा." मी हसलो. तोही हसला आणि शिडी घेऊन वर गेला.

आमच्या पॅनलचा सांगाडा गच्चीपासून आठ फूट उंच आहे. खाली कपडे वाळत घालता यावेत, उन्हाळ्यात सांडगे-पापड घालता यावेत म्हणून मीच तो उंच करून घेतला होता. ओल्या पाइपवरून त्याचा पाय सुटला आणि तो गच्चीवर पडला. देवाची कृपा, कठड्याबाहेर गेला नाही. घोट्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे तो घरी बसला. एक्सरेचे आणि प्लास्टरचे पैसे मी दिले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आपण उदार आहोत असे मला वाटले. सहा आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीचा विचार मला नंतर सुचला, तोही घरातल्यांनी विचारल्यावर.

सांगायचा मुद्दा असा की, आपण पॅनलला खिडकीचा दर लावतो. दोन्हीकडे काच, पाणी आणि फडके दिसते म्हणून काम एकच वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही.

खिडकी कोणत्याही वेळी पुसता येते. पॅनल भर उन्हात पुसू नये. काच तापलेली असते, तिच्यावर गार पाणी पडले तर तडा जाण्याची भीती असते, आणि पाणी पुसण्याआधीच वाळून डाग राहतात. म्हणजे हाताशी वेळ उरते ती सकाळी नऊपर्यंतची आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरची. खिडकीला बोअरचे पाणी चालते. पॅनलवर क्षाराच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, म्हणून नळाचे पाणी बादलीने वर न्यावे लागते. साबणाची पूड आणि तारेची घासणी वापरायची नाही. काचेवर गुडघा टेकायचा नाही, कारण आतल्या पट्ट्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, खिडकीत वीज नसते. इन्व्हर्टर बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनलमध्ये वीज तयार होतच राहते. एखाद्या वायरचे आवरण खारीने कुरतडलेले असेल तर ओला हात तिथे लागता कामा नये.

आता हिशेब मांडू. तीन किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतो, म्हणजे महिन्याला ३६०. फेब्रुवारी ते मे आपल्याकडची तांबडी धूळ, झाडांचा मोहोर आणि पक्ष्यांची विष्ठा यांनी दहा टक्के वीज गेली असे धरू. महिन्याला ३६ युनिट झाले. युनिटला सुमारे सहा रुपये धरले तर २१६ रुपये. पॅनल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. त्यामुळे एकावर जाड विष्ठा बसली तर तेवढ्याच जागेपुरते नुकसान होऊन थांबत नाही. पण मोठा आकडा धरून स्वतःला फसवायला नको, २१६ च धरू.

आता त्या माणसाच्या बाजूने पाहू. पुसण्याजोग्या वेळेत सकाळी दोन आणि संध्याकाळी एक, अशी तीन घरे होतात. दिवसाची हजेरी ६०० रुपये धरली तर घरामागे २०० झाले. मधल्या तासांत तो दुसरे काम करील असे कोणी म्हणेल. करीलही, पण ते रोज मिळतेच असे नाही. लांब दांड्याचा मऊ ब्रश, रबरी वायपर, कमरेचा दोर, बिनघसरणाऱ्या तळव्याचे बूट आणि गाडीचे पेट्रोल यांचे ५० धरा. उंचीवरच्या कामाचे आणि जोखमीचे आणखी ५०. म्हणजे सहा पॅनलच्या एका घराचे ३०० रुपये झाले, पॅनलमागे ५०. घरात तीनच पॅनल असली तरी शिडी तितकीच चढावी लागते, म्हणून एका फेरीचा किमान दर २०० च्या खाली येऊ नये.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. महिन्याला २१६ रुपये वाचवायला ३०० द्यायचे, हा व्यवहार बसत नाही. इथेच आपण चुकतो. हिशेब बसत नाही म्हणून दर पाडून शंभरावर आणतो आणि दर महिन्याला बोलावतो. पाडलेला दर म्हणजे त्या माणसाचा दोर, बूट आणि अपघाताचा वाटा आपण कापून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माझे मत असे आहे की दर पाडू नये, फेऱ्या कमी कराव्यात.

फेऱ्या कमी करणे शक्य आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊसच काच धुतो. फेब्रुवारीच्या मध्याला एक, मार्चअखेर एक, मेच्या सुरुवातीला एक आणि दसऱ्यानंतर एक, अशा चार फेऱ्या पुरतात. मधल्या काळात पॅनल गच्चीवर हाताशी असतील तर सकाळी उभ्याने पाइपने पाणी मारावे, वर मात्र चढू नये. वळवाच्या हलक्या सरीनंतर खालच्या कडेला चिखलाची रेघ साठते, तेवढी जरूर पाहावी. चार फेऱ्यांचे वर्षाला १,२०० रुपये होतात. तीन किलोवॉटचा संच वर्षाला ४,००० युनिट देतो असे धरले तर त्याची किंमत २४,००० रुपये होते. म्हणजे विसावा हिस्सा काच सांभाळणाऱ्याला गेला. चोवीस हजारांची वीज देणाऱ्या वस्तूसाठी हे जास्त आहे असे कोण म्हणेल?

हे १,२०० रुपये मी फेरीला न देता महिन्याला १०० असे देऊ लागलो आहे, पावसाळ्यातही. पेपरवाल्याचे आणि दूधवाल्याचे देतो तसेच. आपल्या पूर्वजांच्या काळी बलुत्यात वर्षाचे ठरलेले असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण कामाचा मोसम संपला की माणसाची गरज संपत नाही, एवढी गोष्ट तिला माहीत होती.

अपघाताचे काय? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये भरून २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कोणालाही ते घेता येते. वर चढवण्याआधी आपण विचारावे, नसेल तर २० रुपये आपण भरावेत. परंतु हे संरक्षण मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी आहे. घोटा मोडून सहा आठवडे घरी बसलेल्याला त्यातून काही मिळत नाही.

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पाठीवर पोती वाहणाऱ्यांची मजुरी मंडळामार्फत देण्याची पद्धत आली आणि मजुरीवर वेगळी लेव्ही मालकाने भरायची ठरली. भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस अशा गोष्टी त्यातून उभ्या राहिल्या. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी केलेली माथाडींची संघटना होती, आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. पुढे पुण्यातच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघर ठरलेले मासिक शुल्क घेऊ लागली. या सर्वांतून एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. दर दारात उभे राहून घासाघीस करून ठरला तर गरजवंत हरतो. दर आधी, सर्वांसाठी एक आणि लिहून ठरला तर दोघांचाही मान राहतो.

म्हणून माझी आपल्या संघटनेपुढे सूचना अशी आहे. सप्तापूर आणि आसपासच्या आपल्या घरांचा एकच दरपत्रक ठरवावा. घरटी महिन्याला १०० रुपये पुसणाऱ्याला आणि वर १० रुपये सामाईक पेटीत. ५० घरे आली तरी वर्षाला ६,००० रुपये जमतील. रक्कम थोडी आहे, दहा दिवसांच्या हजेरीएवढी. पण आज ती शून्य आहे, आणि कोणी पडले नाही तर पुढच्या वर्षी दुप्पट होईल. एका गल्लीतील घरे लागोपाठच्या सकाळी ठेवावीत म्हणजे येण्याजाण्याचा वेळ वाचेल. मंगळुरी कौलांच्या उतारावर बसवलेल्या पॅनलला हा दर लागू नाही. तिथे दोन माणसे आणि बांधलेला दोर असल्याशिवाय कोणालाही चढवू नये.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, आम्ही पेन्शनवर जगतो, बसवणाऱ्या कंपनीने पाच वर्षांची देखभाल कबूल केली आहे, मग हा खर्च कशाला? त्या देखभालीचा कागद काढून वाचावा. बिघाड दुरुस्त करणे त्यात येते, धूळ पुसणे बहुतेक ठिकाणी घरमालकावरच सोडलेले असते. आणि पेन्शनवाल्यांचे म्हणणे मी टाळत नाही, मीही त्यांतलाच. ज्यांना महिन्याला शंभर जड जातात त्यांनी दोनच फेऱ्या घ्याव्यात आणि थोडी वीज सोडून द्यावी. धुळीचे पैसे दुसऱ्याच्या हाडांतून वसूल करण्यापेक्षा ते बरे.

ज्यांची पॅनल अजून बसायची आहेत त्यांनी माझ्या चुकीवरून शहाणे व्हावे. सांगाडा उंच हवाच असेल तर त्याला पक्की शिडी, चालायला लोखंडी जाळीची पट्टी आणि दोर अडकवायला कडी बसवून घ्यावी. गच्चीवर नळ घ्यावा. हा खर्च एकदाच होतो.

राहिली सरकारची गोष्ट. पॅनल बसवायला ७८,००० रुपये देणारे सरकार ती सांभाळणाऱ्याच्या सुरक्षेकडे पाहतच नाही. २०१५ पासून 'सूर्यमित्र' नावाचे तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आहे, ते चांगलेच आहे. पण ब्रश घेऊन चढणारा माणूस त्या वर्गात बसत नाही. मीटर जोडण्याआधी तपासणी होते, त्या वेळी वर चढायची वाट सुरक्षित आहे का हेही पाहिले जावे, अशी मागणी आपण हेस्कॉमकडे लेखी करावी. निवडणुकीत मते मागायला जे येतील त्यांनाही हा प्रश्न विचारावा. रस्ता, गटार आणि पाणी विचारतो तसाच.

तो माणूस या दसऱ्याला पुन्हा आला होता. किंचित लंगडतो. खिडक्या पुसल्या आणि वर जायचे का म्हणून त्यानेच विचारले. मी आधी सांगाड्याला शिडी बसवून घेतली आणि मगच त्याला वर जाऊ दिले. हे शहाणपण मला त्याच्या घोट्याच्या मोलाने आले. आपल्यापैकी कोणाला ते तसे येऊ नये म्हणून पुढील बैठकीत दरपत्रकाचा विषय घ्यावा, ही सर्वांना नम्र विनंती.