शाळेची पट्टी आणि शाळेचा पट

मिळकतकराचें बिल हातांत पडलें म्हणजे कसब्यांतला तांबट काय, बुरूड आळींतला बुरूड काय, किंवा अलीकडे शहरांत ओढलेल्या वाघोली-मांजरीकडचा माळी काय, अगदीं तळचा आंकडा पाहतो, सुस्कारा टाकतो आणि कागद खुंटीला अडकवून ठेवतो. मधल्या ओळी कोणी वाचीत नाहीं. त्या मधल्या ओळींत शिक्षण कर या नांवाची एक रक्कम असते. १९६२ च्या राज्य कायद्यानें बसविलेला हा कर महानगरपालिका गोळा करते व सरकारी तिजोरींत भरते. त्याच कायद्यानें खेड्यांत नगदी पिकांखालील जमिनीवरही शिक्षणाची आकारणी ठेविली आहे. शिवाय शेतसाऱ्यावर जिल्हा परिषदेचा उपकर आहेच. ज्याला ना जमीन ना घर, त्यानेंही आपण सुटलों असें समजूं नये. २००४ सालीं केंद्र सरकारनें शिक्षणासाठीं आपल्या करांवर शेंकडा दोन उपकर बसविला, तेव्हां तो कारखान्यांतील मालाच्या उत्पादन शुल्कावरही होता. म्हणजे बाजारांतून साबणाची वडी आणणारी मोलकरीण आपल्या नकळत शाळेची पट्टी भरीत होती. पुढें २००७ सालीं माध्यमिक व उच्च शिक्षणासाठीं आणखी शेंकडा एक आला. या दुसऱ्या उपकराचे २०१६-१७ अखेर ८३ हजार कोटींहून अधिक रुपये जमले, आणि ज्या निधींत ते ठेवावयाचे तो निधीच तोंवर उघडलेला नव्हता, हें महालेखापरीक्षकांनीं त्या सालच्या हिशेबावरील अहवालांत लिहून ठेविलें आहे. आमच्यापैकीं कोणी गांवच्या पतपेढीचा हिशेब असा ठेविला असता, तर दुसऱ्याच दिवशीं सभासद त्याच्या दारांत उभे राहिले असते !

असो. पट्टी कोण भरतो हें येथवर दिसलें. त्या पट्टीवर शाळा कोठें चालावी आणि कोठें मिटावी हें कोण ठरवितो, हा आजचा आमचा विषय आहे.

पुण्याला हा प्रश्न नवा नाहीं. १८६३ पासून मुंबई इलाख्यांत सरकार शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून घेऊं लागलें, व १८६९ च्या कायद्यानें ही वसुली पक्की झाली. आण्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार पै, शाळांसाठीं, बाकीचा सडकांसाठीं. शेतकरी चार पै बिनचूक देत राहिला. वीस वर्षांनीं सरकारनें हंटर साहेबांचें कमिशन नेमलें, तेव्हां महात्मा जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून आपलें निवेदन सादर केलें. त्यांत त्यांनीं रोखठोक लिहिलें कीं, ज्या कामासाठीं हा फंड गोळा होतो त्या कामीं तो लागत नाहीं. इलाख्यांतील दहांपैकीं नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारें दहा लक्ष मुलांस, शिक्षणाची कसलीच सोय नाहीं. फंडाचा निम्मा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्यावा, आणि नगरपालिकांनीं आपल्या हद्दींतील सर्व प्राथमिक शाळा चालवाव्यात अशी कायद्यानें सक्ती करावी, या त्यांच्या मागण्या होत्या. १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या मनुष्यानें चौतीस वर्षांनंतर नुसतें शाळा द्या म्हणून थांबूं नये, पैशाचा हिशेबही मागावा, याचें मर्म आमच्या लोकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. त्या वाड्याच्या जागीं स्मारक व्हावयाचें म्हणून महानगरपालिकेनें २०२३ च्या डिसेंबरांत ती जागा ताब्यांत घेतली. स्मारक अवश्य व्हावें. पण फुल्यांची हिशेबाची मागणी कोणी स्मारकांत बसवील असें आम्हांस वाटत नाहीं.

पैसा कमी आहे ही सबबही जुनीच. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. संस्थान लहान, तिजोरी बेताची. तरी तेथें पैसा निघाला. तीन वर्षांनीं पुण्याच्या नगरपालिकेपुढें सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हां लोकमान्य टिळकांच्या पक्षाचें म्हणणें पडलें कीं पैसा अपुरा आहे, आधीं मुलगे, मुलींचें मागाहून पाहूं. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे प्रभृति मंडळी मुलींच्या बाजूनें उभी राहिली, शहरांतल्या बायका मिरवणुकीनें रस्त्यावर आल्या. त्या बायकांच्या नाती-पणती आज या शहरांत शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, नगरसेविकाही झाल्या आहेत. तेवढ्या एका गोष्टीवरून सबबीची किंमत काय होती तें कळतें.

त्या काळीं भांडण तरी करतां येत होतें, कारण भांडावयास जागा होती. नगरपालिकेंत सभासद होते, चुकीचे असले तरी निवडून आलेले होते. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे गेला, १९४७ च्या कायद्यानें त्याची फेररचना झाली. १९५० सालीं पुण्यास महानगरपालिका झाली. १९६२ च्या मे महिन्यापासून खेड्यांतल्या शाळा जिल्हा परिषदांच्या झाल्या. पुण्याच्या शिक्षण मंडळांत काय काय चाले हें शहरास ठाऊक आहे. आम्ही त्याची आरती ओंवाळणार नाहीं. परंतु एखाद्या बाईस आपल्या पोराच्या शाळेचें छत गळतें म्हणून कोणा सभासदाच्या दारीं जाऊन ओरडतां येत असे. २०१७ सालीं तें मंडळ गेलें व कारभार सरळ प्रशासनाच्या खात्यांत आला. मग २०२२ च्या मार्चांत महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, जिल्हा परिषदेचीही संपली, आणि दोन्ही ठिकाणीं तीन वर्षांहून अधिक काळ एकटा प्रशासक बसला. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, खडकवासला यांसह तेवीस गांवें २०२१ च्या जूनअखेर शहरांत घेतलीं होतीं. त्यांची ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली, आणि स्वतःचा नगरसेवक निवडण्याची पाळी येण्यापूर्वींच सभागृह संपलें. पट्टीचें बिल मात्र वेळेवर आलें.

अशा काळांत, म्हणजे पुणें जिल्ह्यांत शाळांविषयीं बोलणारा एकही निवडलेला सभासद ना परिषदेंत ना पालिकेंत, अशा २०२३ च्या सप्टेंबरांत, शिक्षण आयुक्तांचें पत्र निघालें. वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्या, त्याचे प्रस्ताव पाठवावे. राज्यांत अशा शाळा १४,७८३, त्यांत मुलें सुमारें १ लक्ष ८५ हजार. सरासरी काढली तर शाळेमागें बारा-तेरा मुलें. नमुना म्हणून आमच्याच जिल्ह्यांतील पानशेतच्या समूह शाळेचा दाखला पुढें आला. ओरड झाली तेव्हां शाळा बंद करावयाच्या नाहींत, एकत्र करावयाच्या आहेत, असा खुलासा झाला. ज्या वाडीची शाळा जाते त्या वाडीला या दोन शब्दांतला फरक कोणी समजावून द्यावा.

पानशेतचें नांव निघालें म्हणून सांगतों. त्या खोऱ्यांतल्या लोकांनीं आपलीं शेतें धरणाखालीं घातलीं, त्यांचें पाणी पुणें शहर पितें. शहरानें ज्यांचें पाणी घेतलें, त्यांच्या सहा वर्षांच्या पोरानें आषाढाच्या झडींत रस्त्यावर गाडीची वाट पाहत उभें राहावें कीं काय, हा प्रश्न पेठेंत राहणाऱ्या मनुष्यासही लागू आहे. शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असें लिहिलें आहे. गाडी देऊं म्हणतात. गाडी पहिलें वर्ष येईल. एक दिवस ठेकेदाराचें बिल थकेल, गाडी येणार नाहीं, आणि त्या दिवशीं घरीं कोण राहील हें आम्हां मास्तर लोकांस विचारूं नका. धाकट्या भावास सांभाळणारी मुलगी प्रथम राहील. १९२० सालीं मुलींस मागें ठेवावयास निदान ठराव मांडावा लागला होता.

आतां सरकारची दुसरी बाजू पहा. वरील पत्रास पांच महिने झाले नाहींत तों २०२४ च्या फेब्रुवारींत नियमांत बदल करून असें ठरविलें कीं, ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिनें गरिबांच्या पोरांसाठीं शेंकडा पंचवीस जागा ठेवण्याचें कारण नाहीं. का ? तर जवळ आमची शाळा आहे ना ! मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें हा बदल रद्द केला, हें आमचें भाग्य. पण युक्तिवाद कसा आहे पहा. खाजगी शाळेस सोडवावयाचें असेल तेव्हां आमची शाळा जवळ असते व चांगली असते. खर्च वांचवावयाचा असेल तेव्हां तीच शाळा लहान असते व निकामी असते.

पट घटतो हें खोटें नाहीं. आम्ही खेड्यांत मास्तरकी करतों. पट कसा घटतो हें आमच्या डोळ्यांसमोरचें आहे. दोनशिक्षकी शाळा, चार इयत्ता. एक मास्तर निवडणुकीच्या कामास जातो, कायद्यानेंच त्यास मोकळीक आहे. जनगणना आणि आपत्तीचें कामही त्याच कलमांत आहे. दुसरा चारी इयत्ता एका खोलींत बसवितो, मध्येंच आहाराचा तांदूळ मोजतो, मध्येंच फोनवर माहिती भरतो. आई-बाप दारावरून जातांना पाहतात कीं मास्तर शिकवीत नाहीं, फोनकडे पाहतो. पुढल्या जूनमध्यें दोन पोरें पिवळ्या गाडींतून इंग्रजी शाळेंत जातात. पट दोनानें उतरला. संचमान्यता पटावर होते, म्हणून बदलून गेलेल्या मास्तराची जागा रिकामी राहते. मग आणखी चार पोरें जातात. शेवटीं साहेब येतात, हजेरीपट चाळतात आणि म्हणतात, गांवाला शाळा नको आहे. विहिरीचा रहाट मोडून ठेवावा आणि मग लोक पाणी भरीत नाहींत म्हणून विहीर बुजवावी, त्यांतलीच ही गत.

आमच्या लोकांसही दोन शब्द ऐकवणें भाग आहे. कर्ज काढून पोराला इंग्रजी पाटीच्या शाळेंत घालावयाचें, तेथें मास्तर कोण, त्याची शिकवणी किती, हें विचारावयाचें नाहीं, आणि गांवच्या शाळेकडे गणवेशाच्या वाटपापुरतें पाहावयाचें, ही रीत आपण पाडली आहे. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, एवढेंच काय, आमच्या धंद्यांतले कित्येक मास्तरही आपलीं मुलें दुसरीकडे घालतात. स्वतः वापरीत नाहीं त्या गोष्टीसाठीं मनुष्य भांडत नाहीं. शाळा व्यवस्थापन समिति ही कायद्यानें दिलेली वस्तु आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा या समितीनें करावयाचा आणि सरकारी अनुदान त्याच्या आधारें द्यावयाचें, असें २००९ च्या कायद्याचें बाविसावें कलम सांगतें. प्रत्यक्षांत पुष्कळ ठिकाणीं कोरें रजिस्टर घरोघर फिरतें, आयाबाया त्यावर सह्या करतात, आणि आराखडा कोणीं लिहिला तें देव जाणे.

मोठ्या शाळेचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. इयत्तेला एक मास्तर, खेळावयास सवंगडी, वाचावयास पुस्तकें. चार पोरांच्या शाळेंत हें मिळत नाहीं. एखाद्या वाडीच्या पालकांनीं एकत्र बसून, गाडीचें व रस्त्याचें सर्व पाहून, मोठी शाळा पत्करली तर आमची ना नाहीं. पण तें पट्टी भरणाऱ्या गांवानें ठरवावें. पुण्याच्या कचेरींत आंकड्यांच्या कोष्टकावर रेघ मारून ठरवूं नये.

आतां करावयाचें तें थोडें आहे. गांवकऱ्यांनीं येत्या ग्रामसभेंत ठराव घ्यावा कीं, व्यवस्थापन समितीच्या व ग्रामसभेच्या संमतीवांचून आमच्या शाळेचें समायोजन होऊं नये, आणि रिकाम्या जागा आधीं भराव्या, पट मग मोजावा. शहरांत ओढलेल्या गांवांना ग्रामसभा उरली नाहीं. तेथें व्यवस्थापन समितीनें तोच ठराव करून महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे द्यावा. पेठेंतल्या कारागिरानें खुंटीवरचें बिल खालीं काढावें, शिक्षण कराची ओळ पाहावी, आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचें तिकीट लावून विचारावें कीं गेल्या वर्षीं शहरांतून हा कर किती जमला, सरकारांत किती भरला आणि शहरांतल्या शाळांकडे त्यांतून काय आलें. लिहितां येत नसेल तर शाळेंतल्या मुलाकडून लिहवून घ्यावा. अर्जाची व ठरावाची पोंच मागावी, तिच्यावर तारखेसह शिक्का घ्यावा, आणि शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलूं नये.